मागाच्या खड्ड्यावर

माझ्या नावची भिशी लागली
आणि मी आधी टेप आणला,
मग मेस्त्री.

वडगावातलं आमचं घर, रुंदीला बारा फूट,
लांबीचं विचारू नका.
पुढं सोपा, मधे अंधार, मागं स्वयंपाक.

सिद्राय मेस्त्रीनं मला ओट्याच्या जागी उभं केलं,
म्हणाला, कोपर वाकवा वहिनी,
आणि कोपराखाली चार बोटं सोडून
भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली.
म्हणजे तीस वर्षं मी
सासूबाईंच्या उंचीवर भाकऱ्या थापल्या.
त्या साडेचार फूट होत्या.
कंबरेचा दोष मी उगाच वयाला देत होते.

फळी काढली तेव्हा मागनं निघाले
सात डबे, झाकणं नऊ.
एकावर माझंच अक्षर : जिरे. आत मोहरी.
एकावर शेजारच्या गंगव्वानं
नेलपॉलिशनं कन्नडात काहीतरी लिहिलेलं,
लोणचं दिलं होतं त्यातनं.
लोणचं संपलं, मी कधी विचारलं नाही.
धाकटी कन्नड शाळेची, तिनं वाचलं :
‘डबा परत’.

मग सोपा.
मधोमध मागाचा खड्डा.
मामंजींचे पाय यात चाळीस वर्षं लोंबकळले,
लोंबकळले कुठं, चालले.
बसल्या जागी चालत त्यांनी
किती शहापुरी लुगडी काठापदरासकट
बाजारात पोचवली, त्याची वही नाही.
माग विकला तेव्हा खड्डा कुणी नेला नाही.
नेणार कसा.
त्यावर पत्रा घातला, पत्र्यावर सतरंजी,
आणि येईल त्याला आम्ही म्हणायचो,
जरा भिंतीकडनं या हं.

सिद्रायचा गडी घमेलं घेऊन आला,
आत वाकून म्हणाला, ‘मुच्चिबिडोणु?’
दोन ट्रॉली मुरूम, वर कोबा, वर चकचकीत फरशी,
हिशेब त्याच्या तोंडावर तयार.
मालकही म्हणाले, बुजव की,
त्यांना उद्यमबागची शिफ्ट गाठायची होती.

मी खाली उतरले.
मांडीपर्यंत आला खड्डा.
कोपऱ्यात एक मोडकी कांडी, धागा अजून जांभळा,
आणि तळाची माती दोन जागी
इतकी गुळगुळीत, की ओट्यासाठी आणलेल्या
काळ्या कडाप्प्यानं बघून घ्यावं.
तळव्यांना गार लागलं.
वर चैत्र तापलेला.

‘काय करूलालायस गे खाली?’ मालक.
मी गड्याकडं बघून म्हटलं,
‘ब्याड. इरली.’

आतनं सिमेंटचा हात दिला, ओल येऊ नये म्हणून
डांबरी कागद. कडेनं चौकट.
खानापूरच्या वखारीतनं सागाचे तुकडे आणले,
तीन फळ्यांचं झाकण, बिजागऱ्या पितळी,
त्यांच्यात महिन्याला खोबरेल सोडायचं.
आत मावली सणाची पातेली, वीस ताटं,
बासमतीचं पोतं, पाहुण्यांच्या वाकळा.
कांद्याला वेगळा कप्पा,
नाहीतर उशांना वास.
मालक आठ दिवस घुम्यासारखे.
नवव्या दिवशी विचारलं,
माझी हत्यारांची पेटी बसेल काय त्यात?

काल भिशी माझ्याकडं होती.
चौदा जणी, त्यातल्या सहा झाकणावर.
गंगव्वा शेवटी आली,
सवयीनं भिंतीला घासत यायला लागली.
म्हटलं, मधनं या.
थांबली. अंगठ्यानं आधी फळी चाचपली,
एक पाय ठेवला,
मग सगळं वजन.
कुरकुरलं नाही.

उठताना मी तिच्या हातात तिचा डबा दिला,
अकरा वर्षांनी, कुंदा भरून.
झाकण तेवढं दुसऱ्याच कुठल्या डब्याचं आहे,
नीट बसत नाही.